मुठीतला प्लग

आमच्या थोरल्या साडूंइतक्या वेळा मेलेला माणूस भंडारा जिल्ह्यात तरी दुसरा झाला नसेल. ते बाजारात मेले, बसथांब्यावर मेले, भर लग्नात जेवणाच्या पंगतीत मेले, आणि एकदा ग्रामसभेत सरपंचांचं भाषण ऐन रंगात आलेलं असताना मेले. भाषण तिथेच थांबलं, आणि त्या मरणाबद्दल मात्र गावाने त्यांचे मनापासून आभार मानले. मेल्यावर ते डोळे मिटून निपचित पडून राहत. मग त्यांना जिवंत करण्याची धावपळ सुरू होई, आणि ती पुरती संपायच्या आत ते उठून बसत, सदरा झटकत आणि ज्यांनी जिवंत केलं त्यांनाच फैलावर घेत. "मेलो असतो ना मी! खरंच मेलो असतो ना बाप्पा!" असं ते इतक्या तळमळीने ओरडत की नवख्या माणसाला वाटावं, गावकऱ्यांनी नुकताच यांचा खून करायचा प्रयत्न केला आहे.

माझी बायको आणि त्यांची बायको या सख्ख्या बहिणी. सासर साकोलीहून सानगडीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. नाव सांगत नाही, कारण तिथली मंडळी अजून हयात आहेत आणि मला दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, अजून बोलावणं असतं. थोरले साडू नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात हृदयविभागातली यंत्रं सांभाळायला होते. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास निवृत्त झाले आणि बायकोच्या गावी, सासऱ्यांनी दिलेल्या जागेवर घर बांधून राहिले. बायकोच्या गावी राहणाऱ्या पुरुषाची एरवी चेष्टा होते, पण यांची कोणी केली नाही. एका घराचा जावई तो साऱ्या गावाचा जावई, त्यामुळे लहानथोर सगळे त्यांना 'जवाईबापू' म्हणत आणि दिसले की पाया पडत. आमच्याकडे जावयाच्या पाया पडायचं तर वय बघत नाहीत. सत्तरीचा म्हातारासुद्धा काठी बाजूला ठेवून वाकतो. मीही त्याच गावचा जावई, पण मी 'धाकले जवाई'. जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहणारा, सणावाराला येणारा, त्यामुळे माझ्या वाट्याला वाकणं जरा कमी खोलवर येई.

निवृत्तीच्या वेळी दवाखान्यातल्या लोकांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलं होतं. साडूंनी सांगितलं, घड्याळ नको, मला ते निकालात काढलेलं डिफिब्रिलेटर द्या. डिफिब्रिलेटर म्हणजे बंद पडू लागलेल्या, नुसत्याच थरथरणाऱ्या हृदयाला विजेचा झटका देऊन ताळ्यावर आणणारी पेटी. तिला दोन मुठी असतात, त्या छातीवर ठेवायच्या. त्या मुठी दिसायला हुबेहूब इस्त्रीसारख्या, म्हणून गावात त्या 'इस्तऱ्या' झाल्या आणि ते यंत्र 'शॉकची पेटी'. ही पेटी त्यांनी नागपूरहून एस.टी.ने आणली. खिडकीजवळच्या सीटवर पेटी आणि शेजारी आपण उभे. कंडक्टरने विचारलं, "ह्याच्यात का हाय जी?" साडू म्हणाले, "शॉक." पुढे साकोलीपर्यंत त्या सीटच्या मागचं आणि पुढचं बाकही रिकामं राहिलं.

पेटी त्यांनी गावच्या आरोग्य केंद्राला देऊन टाकली. मात्र दिली म्हणजे सोडली असं नव्हे. रोज सकाळी ते केंद्रात जाऊन तिच्यावरचं फडकं काढत, दिवा लावून बघत आणि फडकं पुन्हा घालत. दसऱ्याला चपराशी डोमाने पेटीला झेंडूची माळ घालून इस्तऱ्यांना हळदकुंकू लावलं, तेव्हा साडूंनी माळ चालवून घेतली, नारळही चालवून घेतला, पण इस्तऱ्या पुसता पुसता ते डोमाला म्हणाले, "उद्या एखाद्याच्या छातीवर कुंकवासकट ठेवशीन, तं त्याची बायको काय समजन?"

त्यांची माणसं बघायची तऱ्हा वेगळी होती. आपण माणसाचा चेहरा बघतो, ते मान बघत. समोरचा बोलत असताना यांची नजर त्याच्या जबड्याखाली, जिथे नाडी उडते तिथे. बायका पदर सावरून घेत आणि पुरुषांना वाटे, दाढी नीट झाली नाही. हात मिळवायला पुढे केला की यांची दोन बोटं मनगटावर. माझ्या लग्नात, मुलीकडचे म्हणून ते सगळ्यांच्या गळाभेटी घेत होते, तेव्हा माझ्या वडिलांना वाटलं, काय प्रेमळ माणूस आहे; नंतर साडूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझ्या बापाची नाडी मधातच अडखळते. चहा कमी कर म्हणा." वडिलांनी चहा कमी केला नाही, साडूंकडे जाणं कमी केलं.

सांत्वनाला जावं तर त्यांच्याबरोबर जाऊ नये. रडणाऱ्या घरात बसून ते हळू आवाजात विचारत, "किती वाजता पडले? कोनं पाह्यलं? छाती दाबली का?" घरच्यांनी मान हलवली की हे सगळ्यांदेखत कपाळाला हात लावत. लोक चिडत. "मेलेल्या मानसाची चौकशी कायले करून राह्यले जवाईबापू?" असं म्हणत. पण मला अक्काने, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकदा कारण सांगितलं होतं. आमचे सासरे बाजाराच्या दिवशी धानाच्या पोत्याजवळ उभे असता कोसळले. लोकांनी वारा घातला, पाणी मारलं, कांदा हुंगवला, जोडा हुंगवला, आणि बैलबंडी जुंपून साकोलीकडे निघाले. छातीला हात कोणी लावला नाही. त्या वेळी हे नागपुरात, कुठल्या परक्याच्या छातीवर इस्तऱ्या ठेवून त्याला परत आणत होते. सासऱ्यांनी मुलासारखं वागवलं होतं त्यांना. "त्या दिवसापासून त्याहीले एकच हाय," अक्का म्हणाली, "या गावात कोनी पडला तं तो उठला पाहिजे." अक्काने हे सांगितल्यावर मला त्यांच्या मरण्याचं हसू कमी येऊ लागलं, अगदीच थांबलं असं नाही.

तर असं त्यांचं शिक्षण सुरू झालं. शिष्य तीन. पवनीकडच्या आसगावची सिस्टर, जीपगाडीचा ड्रायव्हर सुखदेव, आणि डोमा. डॉक्टर होते, पण ते तालुक्याच्या मीटिंगांना इतके जात की साडू त्यांना विद्यार्थी धरतच नसत. शिकवायला पुतळा हवा, तो नव्हता, म्हणून दर मंगळवारी दुपारी साडू स्वतःच केंद्राच्या व्हरांड्यात चटईवर मरून पडत. पहिल्याच मंगळवारी घोटाळा झाला. सुखदेव धावत आला, गुडघ्यावर बसला, आणि छाती दाबायच्या आधी त्याने साडूंच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यामागे डोमाने ठेवलं. सिस्टर बाहेरगावची, पण दोघांनी केलं म्हणून तिनेही केलं. जावयाच्या छातीला हात लावायचा, तोही दाबून, म्हणजे अगोदर माफी मागायला हवी, असं त्यांचं म्हणणं. मेलेले साडू ताडकन उठले. "अरे, पाया पडून होईपर्यंत मी तिकडं पोचलो ना! अगोदर मान पाहा, नाडी नसन तं छाती दाबा. उठलो तं मंग पडा पाया. अगोदर मान, मंग पाय!" तिघांनी मान डोलावली, आणि जाताना पुन्हा पाया पडले.

दुसरी अडचण सुखदेवच्या तोंडात होती. सुखदेवच्या गालात सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तंबाखू-सुपारीचा खर्रा असे, आणि तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचं काम त्याच्याकडे. पहिल्या श्वासालाच साडूंना असा ठसका लागला की मेलेला माणूस पंधरा मिनिटं शिंकत होता. मग नियम झाला, अगोदर थुंकायचं, चूळ भरायची, मगच श्वास. तिसरी अडचण सगळ्यात अवघड. झटका द्यायच्या आधी मोठ्याने "सरका!" म्हणून ओरडायचं असतं, कारण पेशंटला कोणाचा हात लागलेला असला तर वीज त्यालाही लागते. सुखदेवला ओरडता येईना. भोवती उभे असलेले सगळे वयाने मोठे, कोणी काका, कोणी मामा. तो एकेकापाशी जाऊन वाकून म्हणे, "काकाजी, सरकता का जराशे? मामाजी, तुमी पन जरा." साडू चटईवरून डोळे न उघडता दात खात. "ओरड रे! शिवी दे पाह्यजे तं!" सुखदेव म्हणे, "आता कसं देऊ जी? तुमचे सासरवाडीचे लोक हायत."

या नाटकात मलाही भूमिका होती. मी सुट्टीला गेलो की साडू मला 'नातेवाईक' करत. नातेवाईकाचं काम एवढंच की मोठ्याने रडायचं, पेशंटच्या अंगावर पडायचं आणि उपचारात अडथळा आणायचा. सिस्टरने मला बाजूला ढकलायचं. "तुले जमन," ते मला म्हणाले, "तुह्यात तसं बी दुसरं काही कामाचं नाई." मी इतका मन लावून रडत असे की एकदा आमच्या सासूबाई खरंच धावत आल्या होत्या.

पण आता मुख्य गोष्ट सांगतो. सराव पूर्ण व्हायला पेटीही लागे, इस्तऱ्या छातीवर ठेवून बटणं दाबायची सवय व्हायला हवी. पेटीची बॅटरी केव्हाच संपलेली, ती भिंतीतल्या विजेवर चाले. सरावात वीज जोडायची नाही हे उघड आहे, पण साडूंचा डोमावर काडीचा विश्वास नव्हता. डोमाला भिंतीत रिकामं भोक दिसलं की त्यात काहीतरी घालायची सवय होती. म्हणून साडूंनी शक्कल काढली. मेल्यावर ते पेटीचा प्लग स्वतःच्या उजव्या मुठीत घट्ट धरून राहत. इस्तऱ्या आणल्या की सुखदेवने पहिलं काम करायचं ते हे की प्लग जवाईबापूंच्या मुठीत द्यायचा. मूठ मिटली की मग पुढे. गावाने असा दुसरा पेशंट पाहिला नसेल जो स्वतःच्या मरणाची वीज स्वतःच्या हातात धरून पडला आहे. बरं, वीज असली तरी उपयोग होता असं नाही. केंद्राला लागून आमच्या साळ्याची, म्हणजे बायकोच्या भावाची, धानाची गिरणी. ती चालू असली की केंद्रातले दिवे पिवळे पडत आणि झटक्यापुरती वीज पेटीत भरतच नसे. साडूंनी साळ्याला अनेकदा सांगून पाहिलं की वेळ आली तर गिरणी बंद करावी लागेल. साळा म्हणे, "तुमी दर आठवड्याले मरता जवाईबापू. मी दर आठवड्याले गिरणी बंद करू का?"

मंगळवारचा सराव लोकांच्या अंगवळणी पडल्यावर साडू अवचित मरू लागले. सुरुवातीला सांगितलेली ती पंगत, ती ग्रामसभा, सगळी त्या काळातली. कुठेही पडले की शिष्यांनी हातातलं काम टाकून यायचं. लोक हसत, पण तिघं येत. मी सुखदेवला एकदा विचारलं, कंटाळा येत नाही का? तो म्हणाला, "जावयाले नाई म्हनता येते का जी?"

मंडईचा दिवस होता. दिवाळी झालेली, धान घरात आलेलं, आणि लेकी-जावई गावात. दुपारी चौकात दंडार, म्हणजे नाचगाण्याचं लोकनाट्य, रंगली होती, ढोलकी वाजत होती, नवं धान कांडायला गिरणीवर गर्दी होती. मी केंद्राच्या व्हरांड्यात सिस्टरने केलेला चहा पीत बसलो होतो. साडू पायऱ्या चढून आले, खांबाला हात लावला आणि खाली बसावं तसे बसून आडवे झाले. मी मनात म्हटलं, आज पाहुण्यांसमोर आहे प्रयोग. सिस्टर आतून हसतच बाहेर आली. सुखदेवने गालातला खर्रा थुंकला, चूळ भरली आणि म्हणाला, "सणाले तं सोडा जी जवाईबापू!" दंडारीतले अर्धे प्रेक्षक उठून इकडे आले, त्याबद्दल दंडारीतला शाहीर तिकडून आम्हाला बोल लावू लागला. सिस्टरने खांदा हलवला, मान पाहिली. पुढे तिने मला सांगितलं, नाडी लागली नाही, पण नेहमीसारखं आपलंच बोट चुकलं असं तिला वाटलं. साडू तिला नेहमी तेच सांगत. डोमाने छाती दाबायला घेतली, उखळात मुसळ पडावं अशा लयीत, साडूंनी शिकवलेल्या. लोक ताल धरून मोजत होते. सुखदेवने श्वास दिले. मीही चहा खाली ठेवून माझ्या कामाला लागलो, गळा काढला, अंगावर पडलो, आणि सिस्टरने मला रीतसर ढकललं. सगळं इतकं बिनचूक चाललं होतं की मला वाटलं, आज तरी शिव्या मिळणार नाहीत.

सुखदेवने पेटी आणली. नियमाप्रमाणे प्लग साडूंच्या मुठीत दिला. प्लग खाली पडला. त्याने पुन्हा दिला, बोटं मिटवली. बोटं उघडली आणि प्लग फरशीवर वाजला. सुखदेवने माझ्याकडे पाहिलं. त्याचा तो चेहरा मला अजून दिसतो. "धाकले जवाई," तो म्हणाला, "हे धरून नाई राह्यले."

मग काय झालं ते झरझर झालं. डोमाच्या जागी सिस्टर बसली, दाबणं एक क्षण थांबलं नाही. डोमा गिरणीकडे पळाला. साळा त्याला म्हणाला म्हणे, "रोजचंच हाय तुमचं," आणि मग डोमाचं तोंड पाहून त्याने स्वतःच खटका ओढला. ऐन हंगामात, मंडईच्या दिवशी गिरणी बंद पडली, आणि गाव एकाएकी इतकं शांत झालं की ढोलकीवाल्याचाही हात थांबला. भिंतीत प्लग गेला, पेटीचा दिवा लागला, वीज नीट उतरावी म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी छातीवर पडली. भोवती माणसं दाटलेली, कोणी हात धरून, कोणी पायाला धरून. त्यांत सरपंच होते, साळा होता, सुखदेवचे सख्खे सासरे होते. आणि सुखदेव ओरडला, "सरका! सरका बाजूले!" आणि पुढे त्याने जी शिवी दिली ती मी इथे लिहीत नाही, पण ती सगळ्या वडीलधाऱ्यांना सारखी लागू पडणारी होती. सगळे सरकले. मला रडायचं होतं, नातेवाईक मीच होतो, पण मला रडताच येईना. मी खांबाला धरून उभा राहिलो आणि मनात एकच म्हणत होतो, उठा आणि शिव्या द्या.

पहिल्या झटक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला त्यांचं अंग उचललं गेलं, आणि सिस्टरने मानेवर ठेवलेली बोटं इतका वेळ उचलली नाहीत की अक्का, जी तोवर घरून धावत आली होती, तिच्या खांद्यावरून वाकून पाहू लागली. मग सिस्टरच रडायला लागली आणि आम्हाला कळलं की नाडी लागली आहे. भंडाऱ्याला नेताना जीपमध्ये साडूंनी डोळे उघडले. उजवी मूठ उघडून पाहिली. मग ते म्हणाले, "प्लग कोनापाशी हाय?"

एवढ्यावर गाव त्यांना देव मानायला लागलं असेल असं कोणाला वाटेल, पण गावाने देव मानलं ते पेटीला. साडूंना घरी आल्यावर सगळा प्रकार तपशिलाने ऐकायचा होता. आपल्या शिष्यांचे हात खऱ्या वेळी कापले नाहीत याचा त्यांना केवढा अभिमान! हात कापले नाहीत कारण निम्मा वेळ त्यांना हे नाटकच वाटत होतं, हे त्यांना कोणी सांगायचं, असा प्रश्न पडला. शेवटी सुखदेवने सांगून टाकलं. साडू म्हणाले, "मंग बराबरच हाय. नाटक समजूनच कराचं. खरं समजलं तं मानूस कांदा शोधते."

दाबताना त्यांच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या, म्हणून भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी यापुढे मरायला सक्त मनाई केली. मेलेल्याची जागा रिकामी झाली ती माझ्याकडे आली. नातेवाईकाचा मी पेशंट झालो. पुढची काही वर्षं मी सुट्टीला गेलो की त्या व्हरांड्यात मरून पडत असे आणि साडू खुर्चीवर बसून बघत. सुरुवातीला ते स्वतः उठून येत, प्लग माझ्या मुठीत देत आणि माझी बोटं आपल्या हाताने एकेक करून मिटवत. "सोडू नको," म्हणत. त्यांचा हात कोमट असे. मी डोळे मिटून पडलेला असायचो, त्यामुळे माझ्या तोंडावर काय दिसत होतं ते त्यांना दिसत होतं की नाही कोण जाणे. त्या माणसावर माझा फार जीव होता, हे मी त्यांना उभ्याने कधी बोललो नाही.

ते गेले तेव्हा झोपेत गेले, पहाटे केव्हातरी. अक्का चहा घेऊन गेली तेव्हा अंग थंड पडलेलं होतं. कोणी पाहिलं नाही, छाती दाबायची वेळ कधीच टळून गेली होती. मी जवाहरनगरहून पोचलो तेव्हा अंगणात तिरडी बांधून झाली होती आणि सारं गाव पाया पडायला रांगेत उभं होतं. पण रांग पुढे सरकत नव्हती. रांगेत पहिली सिस्टर होती, ती त्यांच्या डोक्यापाशी बसली आणि तिने मानेवर, जबड्याखाली, दोन बोटं ठेवली. वेळ जाऊ दिला, मगच पायाशी गेली. मागोमाग डोमाने तेच केलं. कोणी म्हातारा वैतागून म्हणाला, "हे का करून राह्यले रे बाप्पा?" अक्का भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "पाहू द्या. नाई पाह्यलं तं ते रागावतीन."

मग मात्र मला आवरलं नाही. मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडलो, अगदी मोठ्याने, सिस्टरने ढकलावं असं. कोणी ढकललं नाही. माझ्या खांद्याला हात लागला. सुखदेव होता, गालात खर्रा नव्हता. तो वाकून हळूच म्हणाला, "धाकले जवाई, सरकता का जराशे?"

असं म्हणायचं नसतं, ओरडायचं असतं, हे साडूंनी त्याला किती वेळा सांगितलं होतं. पण आता घाई कसलीच नव्हती. मी सरकलो, त्याने अगोदर मान पाहिली आणि मग तो पाया पडला.